प्रयोगशाळेत कोरडी हवा राखणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

प्रबंधाच्या आभारपानावर तुमच्या वाट्याला एकच ओळ आली. ती मला फार अपुरी वाटते, म्हणून हे उघड पत्र.

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर. २००४ साली मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी तो चिकटपट्टीने ग्रॅफाइटवरून सोलून काढला. २०१० साली त्यांना नोबेल मिळालं. दृश्य प्रकाशातला जेमतेम २.३ टक्के भाग हा थर शोषतो. टेराहर्ट्झ लहरींना, म्हणजे मायक्रोवेव्ह आणि अवरक्त यांच्या मधल्या लहरींना, मात्र त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन जोरदार साथ देतात. त्याच्या काही मायक्रॉन रुंदीच्या पट्ट्या कोरल्या, की ते पट्टीत आडवे, सगळे मिळून हेलकावे घेतात. पट्टी चौपट रुंद केली की हेलकाव्यांची वारंवारता साधारण निम्मी होते. माझं सगळं काम या हेलकाव्यांवरचं.

आणि हे मोजायचं कुठे, तर फोंड्याच्या पावसात! हवेतली वाफ नेमक्या याच लहरी गिळते. ०.५६, ०.७५, १.१० टेराहर्ट्झ अशा जागोजागी आलेखात खोल खाचा पडतात आणि ग्राफीनची खूण त्यांत हरवते.

तुम्ही मोजमापाच्या पेटीची फट न् फट शोधून रबर बसवलंत. सिलिका जेल ओव्हनमध्ये तापवून पुन्हा कोरडं केलंत. नायट्रोजनचा सिलिंडर संपायच्या आत दुसरा तयार असायचा. आधी नुसता सिलिकॉनचा तुकडा मोजायचा, मग ग्राफीन असलेला, आणि दुसऱ्या मापाला पहिल्याने भागायचं, ही आमची रीत. मध्ये हवा बदलली तर भागाकारात पाणीच उरतं. "दोन्ही वेळा काटा सारखाच हवा, बाय," असं म्हणून तुम्ही आर्द्रतामापकापाशी उभे राहायचात. हे कुठल्याच शोधनिबंधात इतक्या ठामपणे लिहिलेलं मला आढळलं नाही.

म्हणूनच नमुना नव्वद अंशांत फिरवल्यावर आलेखातलं हेलकाव्यांचं शिखर नाहीसं झालं, तेव्हा मला शंका उरली नाही. लहरीचं विद्युतक्षेत्र पट्टीच्या लांबीला समांतर झालं की आडवे हेलकावे उठतच नाहीत. ते शिखर ग्राफीनचंच होतं.

तो आलेख प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात आहे. तुमची प्रत बांधून तयार आहे. सोमवारी घेऊन येते. मनापासून आभार, काका.

तुमची,
टेराहर्ट्झच्या टेबलावरची विद्यार्थिनी