शिडी वाचकाच्या हाती द्या

संपादक महोदय,

१२ ऑगस्टला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीला, ग्रंथपाल दिन साजरा होईल. त्याआधी ठाण्यातल्या वाचनालयांकडे एक मागणी करायची आहे: वाचकांना थेट कपाटांपर्यंत जाऊ द्या.

माझ्या खोलीत एका चित्राची छापील प्रत आहे. म्युनिकच्या कार्ल श्पित्सवेग यांनी १८५० च्या सुमारास ते रंगवले. जुने, देखणे ग्रंथालय, छतापर्यंत पोहोचलेली कपाटे, वरून उतरणारे पिवळसर ऊन आणि शिडीच्या टोकाशी उभा एक म्हातारा. एक पुस्तक डोळ्यांपाशी, एक दुसऱ्या हातात, एक काखेत, एक गुडघ्यांत दाबलेले! शिडीचा पाया चित्रात दिसतच नाही, त्यामुळे तो किती उंच चढलाय ते कळत नाही. त्यालाही त्याचे भान नसावे. चित्राचे नाव 'पुस्तकी किडा'. चित्रकाराने त्याची थट्टाच केली आहे, पण मला त्याचा हेवा वाटतो. तो कपाटापर्यंत पोहोचला आहे ना!

मी सभासद आहे त्या वाचनालयात आम्ही काउंटरच्या अलीकडेच. यादीत नाव शोधायचे, चिठ्ठी द्यायची, थांबायचे. ज्या पुस्तकाचे नावच माहीत नाही, ते मागायचे कसे? पूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी आत जाऊ देत. तिथे किल्ल्यांवरचे पुस्तक शोधताना शेजारीच कोकणातल्या जुन्या बंदरांवरचे सापडले. पुढे वर्षभर मी तोच विषय वाचत होते.

प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी तिसरे. मुक्तद्वार पद्धतीचा, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक निवडण्याचा, त्यांचा आग्रह त्यातूनच आला. वि. ल. भाव्यांनी १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले ते याच ठाण्यात. इथल्या वाचकावर एवढा विश्वास टाकायला हरकत नसावी.

पुस्तके हरवतात, जागा चुकतात, ही कर्मचाऱ्यांची अडचण खरी आहे. मोजक्या माणसांवर सगळा भार असतो. पण पिशव्या बाहेर ठेवता येतील. चाळून झालेले पुस्तक वाचकाने कपाटात न खोचता टेबलावर ठेवावे, म्हणजे क्रम बिघडणार नाही. दुर्मीळ ग्रंथ कुलपातच राहू द्यावेत. निदान रविवारी सकाळी दोन तास कपाटे खुली करून पाहावीत. टेबलावरची पुस्तके क्रमांकाप्रमाणे परत लावायला मी दर रविवारी येईन.

– एक सभासद, नौपाडा, ठाणे