सीमा आहे तिथेच, शाळेचे पैसे मात्र पलीकडून येतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी चंदगड तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमच्या भागातल्या माणसाला कोल्हापूर लांब आणि बेळगाव जवळ. मोठा दवाखाना, लग्नाचा बस्ता, मुलांचे कॉलेज, सगळ्यासाठी आम्ही शिनोळीवरून बेळगावची वाट धरतो. त्यामुळे आपल्या दैनिकात सीमाप्रश्नाची बातमी आली की मी ती दोनदा वाचतो. ती बहुतेक वेळा एसटीवर दगडफेक झाल्याची, फलकाला काळे फासल्याची किंवा न्यायालयातल्या पुढच्या तारखेची असते. गेल्या वर्षी मुलाकडे हॅम्बुर्गला गेलो होतो, तेव्हा तिथून दोन तासांच्या रेल्वे प्रवासावर असलेला एक वेगळा सीमाभाग पाहायला मिळाला. परत आल्यावर त्याविषयी बरेच वाचले. आपल्या वाचकांना ते सांगावेसे वाटते, म्हणून हे पत्र.

जर्मनीच्या उत्तर टोकाला फ्लेन्सबुर्ग नावाचे बंदराचे शहर आहे. डेन्मार्क तिथून इतका जवळ की मुलाने मला एका ओढ्यावरच्या अरुंद पुलावरून चालतच पलीकडे नेले. हा सगळा श्लेस्विगचा मुलूख. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने तो गमावला. १९२० मध्ये लोकांचे मत घेतले गेले, तेव्हा उत्तरेच्या पट्ट्यात सुमारे ७५ टक्के लोकांनी डेन्मार्कला कौल दिला आणि फ्लेन्सबुर्गसह दक्षिणेच्या पट्ट्यात सुमारे ८० टक्क्यांनी जर्मनीला. रेघ ठरली. पण लोकांना विचारून आखलेली रेघही सगळ्यांना सामावून घेत नाही. डॅनिश म्हणवणारे काही हजार लोक जर्मनीत राहिले, जर्मन म्हणवणारे काही हजार डेन्मार्कमध्ये. आमच्याकडच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९५४ च्या प्रांतिक निवडणुकीत जर्मनीतल्या डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला सुमारे ४२ हजार मते मिळाली. तरी किमान पाच टक्के मते मिळवण्याच्या अटीमुळे एकही जागा मिळाली नाही. डेन्मार्कमध्ये मात्र जर्मन अल्पसंख्याकांचा उमेदवार १९५३ मध्ये दहा हजारांहून कमी मतांवर संसदेत पोहोचला होता. ही तफावत डोळ्यांवर आली. पश्चिम जर्मनी तेव्हा नाटोत येऊ पाहत होती, आणि डेन्मार्कने हा विषय तिथे काढला. त्यातून २९ मार्च १९५५ रोजी बॉन आणि कोपनहेगन या तेव्हाच्या दोन राजधान्यांच्या नावांनी ओळखले जाणारे दोन जाहीरनामे निघाले. तो करार नव्हता. प्रत्येक सरकारने आपापल्या हद्दीतल्या अल्पसंख्याकांना स्वतंत्रपणे शब्द दिला होता. डॅनिश पक्षाची पाच टक्क्यांची अट गेली, परीक्षांना मान्यता मिळाली. आणि एक तत्त्व लिहिले गेले: मी डॅनिश आहे किंवा जर्मन आहे असे म्हणण्याची मोकळीक ज्याची त्याला राहील, आणि सरकारी अधिकारी ते तपासणार नाही, त्यावर हरकत घेणार नाही.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवले. आमच्या सीमाभागात मराठीत परिपत्रक मागायचे तर तालुक्यात १५ टक्के मराठी भाषक आहेत का, हा पहिला प्रश्न. मग जनगणनेचे आकडे आणि ते कुणी कसे भरले याची भांडणे. श्लेस्विगमध्ये अल्पसंख्याकांची शिरगणती होतच नाही. डॅनिश अल्पसंख्याक अंदाजे ५० हजार, पलीकडचे जर्मन अंदाजे १५ हजार, एवढेच म्हणतात. मूल डॅनिश शाळेत घातले की झाले, आडनाव जर्मन आहे का हे कुणी पाहत नाही.

त्या शाळांचा खर्च कोण करते? जर्मनीतल्या डॅनिश शाळांना तिथले प्रांतिक सरकार अनुदान देते आणि डेन्मार्कचे सरकारही दरवर्षी मोठी रक्कम देते. डेन्मार्कमधल्या जर्मन शाळांनाही असाच दोन्हींकडून पैसा येतो. शेजारच्या देशाचा पैसा आपल्या हद्दीतल्या शाळेत येतो आणि कुणी त्याला घुसखोरी म्हणत नाही. आपल्याकडे महाराष्ट्राने कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू केली, तेव्हा काय गदारोळ झाला ते वाचकांना आठवत असेल. तेही एकाच देशातल्या दोन राज्यांत.

हा विश्वास राजधान्यांतल्या जाहीरनाम्यांवर एकट्यावर टिकला असता असे मला वाटत नाही. तो रोजच्या कामात मुरवला स्थानिक संस्थांनी. १९९७ मध्ये डेन्मार्कच्या बाजूचा सोन्नरयुलंड जिल्हा आणि जर्मनीच्या बाजूचे फ्लेन्सबुर्ग शहर, नॉर्डफ्रीसलँड व श्लेस्विग-फ्लेन्सबुर्ग हे जिल्हे यांनी मिळून एक प्रदेश-मंडळ उभे केले. पुढे २००७ मध्ये डेन्मार्कने जिल्हा परिषदांसारख्या आपल्या संस्थाच मोडीत काढल्या, तेव्हा टोनर, ओबेनरो, हाडर्सलेव्ह, सोन्नरबोर्ग या नगरपालिका त्यात आल्या. पाडबोर्ग या सीमेवरच्या गावात त्याचे कार्यालय आहे. एका देशात राहून दुसऱ्यात नोकरी करणाऱ्याने कर कुठे भरायचा, विमा कुणाचा, मुलांचा भत्ता कोण देणार, असल्या रुक्ष प्रश्नांची उत्तरे तिथे मिळतात. जर्मनीतल्या नीब्यूलचे रुग्णवाहू हेलिकॉप्टर डेन्मार्कमधल्या रुग्णासाठीही उडते. या कामांतून अल्पसंख्याकांना काय मिळाले, असे कुणी विचारेल. दोन्ही भाषा येणारा, दोन्हीकडची वर्तमानपत्रे वाचणारा, दोन्ही कचेऱ्यांची रीत माहीत असणारा माणूस कोण? तोच अल्पसंख्याक. कालपर्यंत ज्याच्या निष्ठेवर शंका घेतली जायची, तो अशा कामात सगळ्यांना हवासा होतो. जर्मन आपेनराडे आणि डॅनिश ओबेनरो ही एकाच गावाची दोन नावे. तिथल्या जर्मन शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला दोन्ही देशांतल्या विद्यापीठांची दारे उघडी असतात.

राजकारणातही हे दिसते. टोनर नगरपालिकेत जानेवारी २०२२ मध्ये जर्मन अल्पसंख्याकांच्या पक्षाचा माणूस महापौर झाला. डॅनिश बहुसंख्यांच्या गावात! त्याच्या काही महिने आधी, २०२१ च्या निवडणुकीत, डॅनिश व फ्रीसियन (तिथल्या समुद्रकाठचा आणखी एक भाषिक समूह) अल्पसंख्याकांच्या पक्षाचा खासदार १९४९ नंतर पहिल्यांदा जर्मन संसदेत गेला.

तिथे सगळे गोडीगुलाबीने झाले असे मी सांगणार नाही. १९९७ मध्ये मंडळाच्या नुसत्या नावावरून डेन्मार्कच्या बाजूला मोठा विरोध उभा राहिला. ‘श्लेस्विग’ म्हणजे जर्मन पुन्हा येणार, अशी धास्ती लोकांना वाटली आणि नाव बदलावे लागले. हाडर्सलेव्हमध्ये २०१५ ला डॅनिश-जर्मन अशी दोन भाषांतली गावपाटी लावली, तर ती मोडली गेली. फ्लेन्सबुर्गमध्ये मात्र २००८ पासून अशी पाटी आहे. जर्मनीतल्या प्रांतिक सरकारने एकदा डॅनिश शाळांचे अनुदान सरकारी शाळेतल्या मुलामागच्या खर्चाच्या ८५ टक्क्यांवर आणले होते. अल्पसंख्याकांचा पक्ष सत्तेत भागीदार झाल्यावर ते पूर्ववत झाले. २०१६ पासून डेन्मार्कने सीमेवर तपासणीही सुरू केली आहे. म्हणजे हे काम रोज जपावे लागते.

युरोपात अशी उदाहरणे आणखी आहेत. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवर पुइग्सेर्दा इथे दोन्हीकडच्या कॅटलान भाषकांच्या मुलखासाठी २०१४ पासून एकच रुग्णालय चालते. इटलीचे गोरिझिया आणि स्लोव्हेनियाचे नोव्हा गोरित्सा या सख्ख्या शेजारी शहरांनी २०११ मध्ये एक संयुक्त संस्था नोंदवली. पण मी पाहिले ते श्लेस्विग, म्हणून त्याविषयीच लिहितो.

सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. तो सोडून द्यावा असे मी म्हणत नाही. माझ्या मामाने या लढ्यात तुरुंग पाहिला आहे आणि ती जखम मी घरात बघितली आहे. पण निकाल लागेपर्यंत बेळगावच्या जिल्हा पंचायतीने आणि कोल्हापूरच्या जिल्हा परिषदेने एका टेबलावर बसायला कोणता कायदा आडवा येतो? आपल्या संविधानाचे कलम ३५० अ मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी राज्याबरोबर प्रत्येक स्थानिक संस्थेवरही टाकते. बेळगाव-खानापूरच्या मराठी शाळा आणि जत-अक्कलकोटच्या कन्नड शाळा यांचे दुखणे एकच आहे: शिक्षक नाहीत, पुस्तके उशिरा येतात. दोन्हीकडच्या शिक्षण समित्यांनी वर्षातून दोनदा भेटून निदान पुस्तकांची आणि शिक्षकांची यादी तरी एकमेकांना द्यावी. अर्थात त्यासाठी आधी लोकांनी निवडून दिलेले सभागृह हवे. २०२२ नंतर आपल्या जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. शेजाऱ्याशी बोलायचे तर बोलणार कोण होते?

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. येत्या १ नोव्हेंबरला काळ्या दिवसाच्या बातमीबरोबर आपल्या प्रतिनिधीला जतच्या एका कन्नड शाळेत आणि खानापूरच्या एका मराठी शाळेत पाठवा, आणि दोन्ही शाळांची हकीकत शेजारी शेजारी छापा. खानापूरला त्याच्याबरोबर मी येईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. चंदगड, जि. कोल्हापूर