जुन्या आउटबोर्ड मशीनच्या चुकीच्या दुरुस्तीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन (होडीच्या मागे बाहेरून बसवलेले इंजिन) स्लोवर, म्हणजे सर्वांत कमी वेगावर, नीट चालत नसताना दोषाचे निदान न करता वारंवार केलेली कार्बोरेटरची दुरुस्ती व त्यापोटी घेतलेली रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी देवबाग (ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग) येथील होडीमालक असून माझ्या फायबरच्या होडीवर आपल्या कंपनीचे 15 अश्वशक्तीचे, दोन सिलिंडर आणि एकच कार्बोरेटर असलेले टू-स्ट्रोक मशीन आहे. मशीन जुने असले तरी त्याची निगा मी नेहमी राखत आलो आहे. पेट्रोलमध्ये ऑइल आपल्या पुस्तिकेप्रमाणे 50 लिटरला 1 लिटर या प्रमाणातच पडते, तेही मोटारसायकलचे नव्हे, तर आउटबोर्डसाठीचे टीसीडब्ल्यू-3 दर्जाचे. माझ्या घराचा चरितार्थ या मशीनवर चालतो.

31 जुलै रोजी पावसाळी मासेमारी बंदी संपून होडी पाण्यात उतरवली, तेव्हापासून मशीन स्लोवर चालेनासे झाले. फुल स्पीडला ते पूर्वीसारखेच खेचत होते. परंतु थ्रॉटल खाली आणला की संपूर्ण मशीन थरथरत असे, मिसिंग करत असे (मध्येच पेट न घेता अडखळत असे) आणि गिअर टाकताच बंद पडत असे. आपल्या सेवा केंद्रात मला असे सांगण्यात आले की, वर वेग मिळतो आहे तोवर काळजीचे कारण नाही. या उत्तराशी मी मुळीच सहमत नाही. कर्ली खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी जोराने बाहेर पडत असते आणि समोरून समुद्राच्या लाटा येत असतात. तेथे लाटेची वाट पाहत होडी स्लोवरच धरून ठेवावी लागते. जाळे ओढतानाही मशीन स्लोवरच असते. अशा वेळी मशीन बंद पडले, तर होडी आडवी होते आणि आतल्या माणसांच्या जिवावर बेतते.

आपल्या केंद्राने पहिल्या भेटीतच मशीन न तपासता ‘कार्बोरेटरमध्ये कचरा’ असे निदान केले. कार्बोरेटर उघडून साफ केला, स्लो जेट (स्लोवर पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा भाग) बदलला व बिल दिले. दोष तसाच राहिला. त्यानंतर प्रत्येक वेळी तेच काम, तेच बिल. कारण विचारले असता पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे पाणी धरते, असे सांगण्यात आले. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते आणि ओलावा फार झाला की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच मी टाकीच्या तळाचे आणि कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवले. सकाळी बरणीत पाण्याची रेघ नव्हती, थर नव्हता, गाळही नव्हता. ती बरणी मी केंद्रात नेऊन दाखवली. तिच्याकडे कोणी पाहिलेदेखील नाही.

अखेर मालवण बंदरावरील एका खासगी मिस्त्रीने मशीन पाहिले. त्याने काय केले ते सविस्तर लिहीत आहे, कारण हेच काम आपल्या केंद्रात होणे अपेक्षित होते. मशीन स्लोवर चालू ठेवून त्याने स्पार्क टेस्टरच्या साहाय्याने एकेका सिलिंडरचा स्पार्क तोडला. वरच्या सिलिंडरचा तोडताच मशीन बंद पडू लागले; खालच्याचा तोडल्यावर आवाजात काहीच फरक पडला नाही. म्हणजे स्लोवर खालचे सिलिंडर कामच करत नव्हते. प्लग आपापसांत बदलून पाहिले, तरी दोष खालीच राहिला. दोन्हीकडे स्पार्क सारखा आणि कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) जवळपास सारखेच भरले. चोक (हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी झडप) अर्धा ओढल्यावर मात्र मशीन एकदम सुरळीत चालू लागले, आणि खालचा प्लग पांढरट पडलेला आढळला. दोन्ही खुणा एकच गोष्ट सांगत होत्या: त्या सिलिंडरला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळत होती.

माझ्या तक्रारीचा मुख्य मुद्दा येथे आहे. दोन्ही सिलिंडरना एकाच कार्बोरेटरमधून पेट्रोल मिळत असताना त्यांपैकी एकच सिलिंडर उपाशी राहत असेल, तर दोष कार्बोरेटरच्या पुढे कोठेतरी आहे, एवढा साधा विचार आपल्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी करायला हवा होता. पॉवरहेड (मशीनचा वरचा, सिलिंडर असलेला भाग) उतरवल्यावर क्रँकशाफ्टचे (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याचे) खालचे ऑइल सील हाती आले. त्याची रबरी कड कडक होऊन एका बाजूने चिरली होती, नख लावताच तिचे तुकडे पडत होते आणि आतली बारीक स्प्रिंग गंजून तुटली होती. त्या फटीतून खालच्या सिलिंडरच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे पेट्रोल-हवेचे मिश्रण सिलिंडरआधी जेथे येते त्या कप्प्यात, हवा शिरत होती. फुल स्पीडला कार्बोरेटरमधून इतकी हवा व पेट्रोल आत येते, की ही गळती जाणवत नाही. स्लोवर थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असल्याने तेवढीच गळती सारे मिश्रण बिघडवते. सील बदलल्यावर मशीन पुस्तिकेत दिलेल्या वेगावर शांत चालू लागले आणि आजही तसेच चालत आहे.

टू-स्ट्रोक मशीनमध्ये पिस्टन आणि बेअरिंग यांना ऑइल पेट्रोलबरोबरच पोहोचते. पेट्रोल कमी पडले की ऑइलही कमी पडते. मी आपल्या केंद्राच्या भरवशावर राहिलो असतो, तर आज सीलऐवजी पिस्टन आणि सिलिंडरचा खर्च माझ्यावर पडला असता.

याहून गंभीर बाब अशी, की शेवटच्या भेटीत दोष सापडत नाही म्हणून केंद्रातील कर्मचाऱ्याने स्लोचा स्क्रू आवळून मशीनचा वेग पुस्तिकेतील आकड्यापेक्षा बराच वाढवून दिला आणि ‘आता बंद पडणार नाही’ असे सांगितले. मशीन बंद पडले नाही हे खरे. पण गिअर टाकताना खट्ट असा आवाज येऊन होडी धक्क्याने पुढे जाऊ लागली. वाढीव वेगात गिअर टाकल्याने क्लच डॉगच्या (गिअर जोडणाऱ्या दातेरी भागाच्या) कडा झिजतात, हे आपल्या तंत्रज्ञांना मी सांगायला नको. दोष झाकून ठेवणे याला दुरुस्ती म्हणता येत नाही, आणि त्याचे पैसे घेणे तर सर्वस्वी अयोग्य आहे.

सबब माझी मागणी अशी आहे, की कार्बोरेटरची सफाई, जेट आणि मजुरी यांपोटी घेतलेली सर्व रक्कम मला परत मिळावी आणि गिअरकेस उघडून क्लच डॉगची तपासणी कंपनीने स्वखर्चाने करून द्यावी. झीज आढळल्यास ते भागही बदलून द्यावेत. तसेच यापुढे किनाऱ्यावरील आपल्या केंद्रांत स्लोच्या तक्रारीवर कार्बोरेटरला हात लावण्याआधी स्पार्क, कॉम्प्रेशन आणि एकेका सिलिंडरची तपासणी करून त्यांची नोंद जॉब कार्डावर ग्राहकाला लेखी द्यावी. क्रँकशाफ्टची सीलेही केंद्रात ठेवावीत; खासगी मिस्त्रीला ते सील बाहेरगावाहून मागवावे लागले आणि तोवर ऐन बांगड्याच्या हंगामात माझी होडी वाळूत उभी राहिली. ‘मशीन जुने झाले, नवे फोर-स्ट्रोक घ्या’ हा सल्ला मला केंद्रात मिळाला. एका सीलने सुधारणारे मशीन टाकून देण्याइतकी ऐपत माझ्यासारख्या होडीमालकाची नसते.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत आपले लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यालाही ग्राहक म्हणून संरक्षण आहे. जुने सील, दोन्ही प्लग आणि बदललेला जेट मी जपून ठेवले असून आपल्या प्रतिनिधीने येऊन ते पाहावेत.

आपला ग्राहक,
होडीमालक, देवबाग

सोबत: सेवा केंद्राच्या बिलांच्या प्रती, खासगी मिस्त्रीचे बिल, सील व प्लग यांची छायाचित्रे.