शर्यतीतला वारा आणि विदर्भातली तळी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जगप्रदक्षिणेच्या शिडाच्या शर्यती मराठी वृत्तपत्रांत दोनच वेळा दिसतात : कुणी जिंकले तर, किंवा कुणाची होडी मोडली तर. मधल्या काळात कधी एखादी चौकट आलीच, तर तीत पहिल्या तिघांची नावे आणि उरलेले अंतर असते. त्यात चूक काही नसते, पण वाचकाच्या हाती काही लागत नाही. या शर्यतीत क्रमांक हा परिणाम आहे आणि वारा हे त्याचे कारण. कारण सांगितले तर समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या नागपूरचा वाचकही शर्यत समजून पाहू शकेल. शिवाय तेच ज्ञान रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर किंवा नागपुरातल्या अंबाझरी तलावावर शिडाची होडी चालवताना जसेच्या तसे कामी येते. पत्र थोडे लांबले आहे, पण मुद्दा तपशिलाचाच आहे.

वाँदे ग्लोबचेच उदाहरण घेऊ. दर चार वर्षांनी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ले साब्ल-दोलोन या गावाहून ती निघते. एका होडीत एकच माणूस, कुठेही थांबायचे नाही, बाहेरची मदत घ्यायची नाही. होड्या ६० फुटी. २०२४-२५ मध्ये शार्ली दालँ याने ही प्रदक्षिणा ६४ दिवस १९ तासांत पुरी केली. त्याआधीचा विक्रम ७४ दिवसांचा होता. सुरुवात तिथल्या घड्याळाप्रमाणे दुपारी १ वाजून २ मिनिटांनी होते, म्हणजे आपल्याकडे नोव्हेंबरातल्या संध्याकाळी ५.३२ वाजता. पुढची बरीच माहिती जागतिक प्रमाणवेळेत मिळते; तीत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ.

शर्यतीच्या संकेतस्थळावर ट्रॅकर, म्हणजे प्रत्येक होडी कुठे आहे ते दाखवणारा नकाशा, असतो. त्यावरची क्रमवारी शेवटच्या रेषेपर्यंत उरलेल्या अंतरावरून लावतात. हे अंतर संगणक जवळात जवळच्या वाटेने मोजतो. होडी त्या वाटेने जाणार की नाही, हे तो पाहत नाही. दक्षिण अटलांटिकमध्ये याने हमखास फसगत होते. सेंट हेलेना बेटाच्या नावाने ओळखला जाणारा जास्त दाबाचा मोठा प्रदेश तिथे बहुतेक काळ ठाण मांडून असतो. दक्षिण गोलार्धात जास्त दाबाभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. त्यामुळे या प्रदेशाच्या पश्चिमेला, ब्राझीलच्या बाजूने, वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. खालच्या कडेला तो पूर्वेकडे वळतो. आफ्रिकेच्या बाजूला तो दक्षिणेकडून येतो, म्हणजे थेट होडीच्या तोंडावर. आणि मधोमध वारा जवळजवळ पडलेला असतो.

विषुववृत्तावरून केप ऑफ गुड होपकडे जाणारी सरळ वाट नेमकी या मधल्या भागातून जाते. म्हणून जाणता खलाशी आधी ब्राझीलच्या अंगाने खाली उतरतो, खालच्या कडेचा पश्चिम वारा पकडतो आणि मग आफ्रिकेकडे वळतो. वाट कितीतरी लांब, पण वेळ कमी. हा वळसा घेताना तो क्रमवारीत मागे पडलेला दिसतो. सरळ रेषेला चिकटलेला पुढे दिसतो, आणि मग निर्वात भागात अडकून शेकडो मैल गमावतो. ‘आघाडी घेतली’ असा मथळा बरेचदा याच दिवसांत छापला जातो.

शेवटची रेषा आधी ओलांडणाराच जिंकतो, असेही नाही. २०२०-२१ मध्ये रेषा सर्वांत आधी ओलांडली दालँनेच, पण विजेता ठरला यानिक बेस्तावेन. केव्हिन एस्कोफिए याची होडी ३० नोव्हेंबर २०२० रोजी मोडली, तेव्हा त्याच्या शोधासाठी ज्यांनी वाट सोडली त्यांना नंतर वेळ परत देण्यात आला. बेस्तावेनच्या वाट्याला त्यातले १० तास १५ मिनिटे आली. एस्कोफिएला प्रत्यक्ष पाण्यातून उचलले ज्याँ ल काम याने. एवढ्या चार ओळी निकालाच्या बातमीत असल्या की वाचकाचा गोंधळ होत नाही.

शर्यत पाहायची रीत अशी. एका खिडकीत ट्रॅकर उघडावा, दुसरीत विंडी या संकेतस्थळासारखा वाऱ्याचा नकाशा. दोन्हींवर तास एकच ठेवावा. इथेच बहुतेकांचे चुकते, कारण नकाशा आपली वेळ दाखवत असतो आणि ट्रॅकर दुसरी. वाऱ्याबरोबर समदाब रेषाही, म्हणजे सारख्या दाबाच्या जागा जोडणाऱ्या रेषा, चालू कराव्यात. रेषा दाट तिथे वारा जोरात, विरळ तिथे मंद. वेग नॉटमध्ये ठेवावा : १ नॉट म्हणजे ताशी १ सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर. मग युरोपीय आणि अमेरिकी असे हवामानाचे दोन्ही संगणकी अंदाज लावून पाहावेत. पहिले दोन-तीन दिवस ते बहुधा जुळतात, पुढे फाटे फुटतात. हे फाटे फुटतात तिथेच होड्यांच्या वाटाही वेगळ्या होतात, आणि तोच शर्यतीचा खरा पाहण्याचा भाग.

दक्षिण महासागरात हे आणखी स्पष्ट दिसते. तिथे कमी दाबाची वादळे एकामागून एक पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असतात आणि त्यांच्याभोवती वारा घड्याळाच्या दिशेने फिरतो. होड्या त्यांच्या उत्तर अंगाला राहतात, म्हणजे पाठीमागून पश्चिम वारा मिळतो. दाब उतरत जातो तसा वारा वायव्येचा होतो. थंड हवेची आघाडी, म्हणजे उबदार आणि थंड हवेमधली सीमा, सरकून गेली की एकदम नैर्ऋत्येचा. वारा वळला तरी जुन्या लाटा मावळलेल्या नसतात. त्यांच्यावर नव्या आडव्या लाटा येऊन आदळतात, आणि सुकाणू किंवा डोलकाठी मोडण्याचा धोका तेव्हाच सर्वाधिक असतो.

याच नियमाची आपल्याकडची आवृत्ती कुणालाही करून पाहता येईल. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाब डाव्या हाताला असतो. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा मध्य प्रदेशावरून जात असेल तर नागपुरात वारा पश्चिमेचा असतो : पाठ पश्चिमेला, तोंड पूर्वेला, डावा हात उत्तरेला. तोच पट्टा तेलंगणावरून गेला तर वारा पूर्वेचा होतो. गच्चीवर उभे राहून हवामान खात्याच्या नकाशाशी हे ताडून पाहावे. आठवडाभर केले तरी वाऱ्याचा नकाशा वाचण्याची भीती जाते.

नवख्याने वाँदे ग्लोबपेक्षा गोल्डन ग्लोब ही एकट्याने करायच्या प्रदक्षिणेची दुसरी शर्यत आधी पाहावी, असे माझे मत आहे. तिच्यात होड्या ३२ ते ३६ फुटी, जुन्या घडणीच्या, आणि समुद्रातली आपली जागा शोधायची ती सेक्स्टंटने, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजण्याच्या उपकरणाने. होड्या सावकाश असल्याने वादळापुढून पळून जाणे जमत नाही. त्यामुळे दाब आणि होडी यांचे नाते दिवसेंदिवस शांतपणे पाहता येते. आपला संबंधही तिच्याशी जास्त जवळचा. १९६८-६९ ची पहिली गोल्डन ग्लोब रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने ज्या ‘सुहेली’तून ३१२ दिवसांत जिंकली, ती सागवानी होडी मुंबईत बांधलेली होती. २०१८ च्या शर्यतीत अभिलाष टॉमी ज्या ‘थुरिया’तून उतरले ती सुहेलीच्याच आराखड्यावर गोव्यात तयार झाली, दक्षिण हिंदी महासागरात वादळाने ती डोलकाठीसकट उलथली आणि टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. पुढच्याच शर्यतीत, एप्रिल २०२३ मध्ये, ते २३६ दिवसांनी दुसरे आले. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. आणि शर्यत नसली तरी दिलीप दोंदे यांची २००९-१० मधली ‘म्हादेई’तली एकट्याची प्रदक्षिणा, ही भारतीयाची पहिली, मराठी वाचकाने विसरू नये.

आता तळ्याकडे. हैदराबादच्या हुसेनसागरवर आणि भोपाळच्या मोठ्या तलावावर शिडाच्या होड्या नियमित चालतात; समुद्र या दोन्ही शहरांनाही नाही. नागपूरहून भोपाळ सुमारे ३५० किलोमीटर, हैदराबाद सुमारे ५००. ज्याला आजच शिकायचे आहे त्याने तिथला आठवड्याचा वर्ग गाठावा. कॉलेजच्या मुलांना एनसीसीच्या नौदल शाखेतून एंटरप्राइज जातीच्या दोन माणसी होड्यांवर हात बसवता येतो.

पण नागपुरातच सुरुवात करायची तर होडी तळ्याच्या खोलीवरून निवडावी. ऑलिंपिकमध्ये असते ती लेझर, म्हणजे आताची इल्का, ४.२३ मीटर लांब. तिची डोलकाठी सहा मीटरच्या वर जाते. तीन-चार मीटर खोल तळ्यात ती पूर्ण पालथी झाली की काठीचे टोक गाळात रुतते. मग जोर लावून सरळ करू गेले की काठी वाकते. लहान मुलांसाठी ऑप्टिमिस्ट उत्तम : २.३ मीटर लांब, ३५ किलो वजन, बुटकी डोलकाठी, आत हवेच्या तीन पिशव्या. मोठ्यांसाठी एंटरप्राइज, आणि तिच्या काठीच्या टोकाला झाकण घट्ट बसवलेला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधावा. होडी आडवी पडते, पण सहसा पालथी होत नाही.

पहिला धडा जमिनीवर. होडी गवतावर ठेवून, सुकाणूचा दांडा दूर लोटला की तोंड वाऱ्याकडे वळते आणि जवळ ओढला की वाऱ्यापासून फिरते, एवढे हाताला पाठ करून घ्यावे. पाण्यात उतरण्याआधी मागचा बूच लावला का, मधली फळी (होडीच्या मध्यातून पाण्यात उतरणारी) दोरीने बांधली का, पाणी उपसायचे भांडे होडीला बांधले का, हे हात लावून पाहावे. बूच विसरणे ही सर्वांत सामान्य चूक. होडी अर्ध्या तासाने जड होते आणि कारण कळत नाही.

मग वारा बाजूने घेत ५० मीटरवरच्या दोन बोयांमध्ये (पाण्यावर तरंगत्या खुणांमध्ये) फक्त ये-जा. शीड फडफडू लागेपर्यंत दोरी सोडायची आणि फडफड थांबेल इतकीच ओढायची. नवशिका ती कायम घट्ट ओढून धरतो, त्यामुळे होडी कलते पण पुढे जात नाही. शिडाची दोरी कधीही गाठ मारून अडकवू नये. घाबरलात तर ती सोडली की होडी थांबते. परत फिरताना सुरुवातीला तोंड वाऱ्यातून नेऊनच वळावे. पाठीमागून वारा घेऊन वळताना बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी, झटक्यात या बाजूहून त्या बाजूला जाते, आणि डोक्याला लागते ती तेव्हाच. होडी आडवी झाली तर दोरी मोकळी करायची, पोहत होडीच्या तळाच्या बाजूला जाऊन मधल्या फळीवर भार द्यायचा. होडी सोडून काठाकडे पोहत जाऊ नये. वारा ताशी ११ ते २० किलोमीटर असेल तोवर हे सगळे सुखाने होते.

हंगाम निवडण्याइतकी महत्त्वाची गोष्ट नागपुरात दुसरी नाही. एप्रिल-मे टाळावा : ऊन आहेच, शिवाय दुपारनंतरच्या अवकाळी ढगांखालचा झोत काही मिनिटांत उलट्या दिशेने येतो. हिवाळ्यात सकाळी पाणी आरशासारखे, आणि तलावांवर स्थलांतरित पक्षी असतात. त्यांना त्रास देऊ नये. जुलै ते सप्टेंबर हा काळ चांगला, वारा पश्चिमेचा आणि बराचसा स्थिर. मात्र सपाट पाण्यावर अ‍ॅल्युमिनियमची काठी सर्वांत उंच असते. पहिला गडगडाट ऐकू येताच काठ गाठावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. विजेचा इशारा देणारे दामिनी अ‍ॅप प्रत्येक शिक्षकाच्या मोबाइलवर हवे. फुटाळा यासाठी योग्य नाही : तलाव लहान, काठच्या बांधकामांनी वारा तुटतो आणि पाण्यात कारंज्याची यंत्रणा आहे. अंबाझरीत जलपर्णी मधल्या फळीत अडकते, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर सांडव्याचे महत्त्व कुणाला सांगायला नको. माझी पसंती खिंडसीला.

महापालिका आणि जलसंपदा विभागाकडे मागणी मोठी नाही. तलावाचा एक कोपरा बोयांनी आखून द्यावा, सांडव्यापासून दूर बोयांची दुसरी ओळ असावी, आणि सहा शिकाऊ होड्यांमागे पंख्याला जाळी असलेली एक मोटारबोट हजर असावी. पर्यटकांच्या बोटीतली जाड नारिंगी जाकिटे इथे चालत नाहीत, ती बूमखाली अडकतात; अंगाला बसणारी, हालचाल करू देणारी हवीत. या तळ्यांवर ढिवर बांधवांच्या संस्था मासेमारी करतात. त्यांची जाळी कुठे आणि किती वाजता लागतात हे त्यांच्याशी बसून मे महिन्यातच ठरवून घ्यावे, आणि बचाव बोट चालवण्याचे काम पगार देऊन त्यांच्यातल्याच तरुणांना द्यावे. तळाचे बुंधे आणि उथळ जागा त्यांच्याइतक्या कुणालाच ठाऊक नाहीत.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर