सेलमधले जुने गेम : घेण्याआधी आणि घेतल्यावर

प्रिय नंदू,

तुझी यादी बघितली. चौदा कॉम्प्युटर गेम! सगळे जुने, डावपेचांचे, सगळे सेलमध्ये, म्हणून एकदम उचलायचा तुझा बेत दिसतोय. तीन घे. एका गेमची किंमत कितीही किरकोळ असली तरी यातला प्रत्येक गेम नुसता अंगवळणी पडायला वीस-तीस तास खातो. शिवाय यादीतल्या दोघांना पैसे मोजायची गरजच नाही. १९९८चा 'स्टारक्राफ्ट' त्याच्या 'ब्रूड वॉर' या पुरवणीसकट २०१७पासून फुकट आहे. 'रेड अलर्ट' २००८ साली मोफत झाला आणि 'ओपनआरए' या नव्या इंजिनवर (म्हणजे गेम चालवणाऱ्या प्रोग्रामवर) तो विनातक्रार चालतो. फक्त तिथे सैन्यांचा तोल बदललाय, तेव्हा जुन्या युक्त्या जशाच्या तशा लागू पडणार नाहीत.

आता खरी मेख. सेलमध्ये सवलत किती यापेक्षा आवृत्ती कोणती हे बघ. 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' (१९९९) दोन रूपांत मिळतो. २०१५ची एचडी आवृत्ती दिसायला चकचकीत, पण तिच्यात 'आर्मागेडन्स ब्लेड' आणि 'शॅडो ऑफ डेथ' ही दोन्ही एक्स्पान्शन, म्हणजे नंतर आलेल्या पुरवण्या, नाहीत, आणि चाहत्यांनी बनवलेला एचडी मॉड, म्हणजे गेमला जोडायचा सुधारणांचा संच, तिच्यावर बसत नाही. 'कम्प्लीट' आवृत्तीत दोन्ही एक्स्पान्शन आहेत, वर तो मॉडही चालतो. म्हणजे जुनाट दिसणारीच घ्यायची. 'सिव्हिलायझेशन ४'चंही तेच. 'बियाँड द स्वोर्ड' हे एक्स्पान्शन नसलेला नुसता मूळ गेम कितीही स्वस्त असला तरी घेऊ नकोस.

कपाटातल्या जुन्या सीडींचा नाद सोड. त्या काळच्या बऱ्याच सीडींवर सेफडिस्क नावाचं कुलूप आहे. ते उघडणारा ड्रायव्हर विंडोज १०मध्ये नाहीच, त्यामुळे अस्सल सीडी घालूनही गेम सुरू होत नाही. तो ड्रायव्हर कुठून तरी आणून बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. सुरक्षेला भोक आहे म्हणूनच तो काढला गेला. काही सीडींवर तर इन्स्टॉलरच १६-बिटचा असतो. ६४-बिट विंडोज त्याला उंबऱ्याच्या आतसुद्धा घेत नाही.

घेतल्यावर लगेच खेळायला बसू नकोस, आधी तपास. स्टीम या ऑनलाइन दुकानात पैसे परत मिळायची अट अशी, की खरेदीला १४ दिवस व्हायच्या आत मागायचे आणि खेळण्याची वेळ दोन तासांच्या आत हवी. मेनू उघडा ठेवून चहाला गेलास तरी घड्याळ चालूच असतं. जीओजी या दुसऱ्या दुकानात ३० दिवस मिळतात, शिवाय इन्स्टॉलर उतरवून जपून ठेवता येतो. पहिल्या वीस मिनिटांत एवढंच कर : नवा डाव सुरू कर, सेव्ह कर, बाहेर पड, पुन्हा उघडून तोच सेव्ह लोड कर, मध्येच ऑल्ट-टॅब करून (दुसऱ्या खिडकीत जाऊन परत येऊन) बघ. ऑल्ट-टॅबनंतर काळा पडदा आला किंवा सेव्ह सापडला नाही, तर पुढचे उपाय कर, आणि तरीही जमलं नाही तर परत करून टाक.

सेव्ह हरवण्याचं कारण नव्वद टक्के वेळा एकच. हे गेम स्वतःच्याच फोल्डरमध्ये सेव्ह लिहितात, आणि प्रोग्राम फाइल्समध्ये विंडोज तसं लिहू देत नाही. ते गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या आडबाजूच्या फोल्डरात जातं. म्हणून सी ड्राइव्हवर 'गेम्स' असं फोल्डर कर आणि सगळं तिथेच बसव. 'डायरेक्टप्ले' हवंय असा निरोप आला तर विंडोज फीचर्समध्ये 'लेगसी कंपोनंट्स'खाली ते सापडेल, खूण करून चालू कर. पाणी जांभळं आणि गवत लालभडक दिसलं तर ग्राफिक्स कार्डला दोष देऊ नकोस. तो गेम २५६ रंगांचा आहे आणि त्याची रंगपेटी विंडोजने बिघडवलीय. सीएनसी-डीड्रॉ नावाच्या दुरुस्तीची फाइल गेम सुरू करणाऱ्या ईएक्सई फाइलशेजारी टाकली की बहुतेक वेळा रंग जागेवर येतात. तिच्या सेटिंगमध्ये चित्राचं ४:३ प्रमाण कायम ठेव, नाहीतर सगळे सैनिक बुटके आणि जाडे दिसतील. 'मास्टर ऑफ ओरायन २'सारखे डॉसवाले गेम डॉसबॉक्समध्येच (जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालतात. नकाशा फार वेगाने सरकला तर कंट्रोल-एफ११ दाबून वेग उतरव. 'अल्फा सेंटॉरी' मात्र तुला डिवचणार. त्याच्या सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये प्रेफरन्सेसच्या खाली 'डायरेक्टड्रॉ=०' (DirectDraw=0) अशी ओळ घाल, की तो डेस्कटॉपच्या रिझोल्यूशनवर उघडेल. फोर-के पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी होतात, तेव्हा आधी डेस्कटॉप १९२० बाय १०८०वर आण.

'एक्स-कॉम' (१९९४) घेशील तर 'ओपनएक्सकॉम' या त्याच्या नव्या इंजिनमध्येच खेळ. विकत घेतलेल्या गेममधली जिओडेटा, मॅप्स, टेरेन, युनिट्स वगैरे सगळी फोल्डरं उचलून ओपनएक्सकॉमच्या 'यूएफओ' फोल्डरात टाकायची, बस. मूळ गेममध्ये एक भन्नाट बग होता. तू सगळ्यात अवघड पातळी निवडलीस तरी पहिल्या मोहिमेनंतर गेम हळूच सोप्या पातळीवर यायचा. लोक म्हणाले फार सोपा आहे, म्हणून १९९५चा पुढचा भाग जास्तच कठीण केला गेला! 'सीझर ३' या शहर वसवायच्या गेमला असंच 'ऑगस्टस' हे नवं इंजिन आहे. मूळ गेममध्ये वस्तीला अन्न वगैरे पुरवणारे फिरस्ते चौकात मनाला येईल तिकडे वळतात आणि निम्मी वस्ती उपाशी राहते. तिथे खेळणारे वेशीचे दरवाजे बांधून त्या फिरस्त्यांना अडवायचे. ऑगस्टसमध्ये सरळ रस्ताबंदीच मिळते.

जे तीन घेशील त्यांत पहिला 'हीरोज ३' लाव. त्यात हीरो म्हणजे तुझे सेनापती आणि प्राणी म्हणजे त्यांचं सैन्य. एचडी मॉड त्याच फोल्डरात बसव आणि गेम नेहमी त्याच्या लाँचरमधून उघड. गेममधल्या एका दिवसाला गावात एकच इमारत होते, त्यामुळे क्रमाला किंमत आहे : टाउन हॉल, मार्केटप्लेस, ब्लॅकस्मिथ, मेज गिल्ड, पाचव्या दिवशी सिटी हॉल. सोन्याचं रोजचं उत्पन्न ५००वरून १००० आणि मग २००० होतं. सोनं पुरलं तर सहाव्या दिवशी सिटाडेल, सातव्या दिवशी कॅसल. आठव्या दिवशी प्राण्यांची नवी पैदास येते आणि कॅसल उभा असेल तर ती दुप्पट मिळते. एक दिवस चुकलास की ती जादाची पैदास आठवड्याभरासाठी गेली.

पहिल्याच दिवशी २५०० सोनं देऊन टॅव्हर्नमधून दुसरा हीरो घे. त्याचं सैन्य मुख्य हीरोला दे आणि त्याला एकाच प्राण्यानिशी लाकूड-खनिज वेचायला पाठव. हीरो दिवसाला किती चालणार हे सकाळी त्याच्याकडे जो सर्वांत मंद प्राणी असेल त्यावर ठरतं. म्हणून दिवस संपवण्याआधी मंद प्राणी शेजारच्या हीरोकडे सोपवायचे. लढाईत एकेका प्राण्याची सुटी तुकडी करून तिला आधी घुसव. शत्रूची तुकडी एका फेरीत साधारण एकदाच उलटवार करते. तो वार त्या बिचाऱ्यावर खर्ची पडला की मोठी तुकडी आत घाल.

दुसरा आठवडा लागला की सेव्ह पाठव, बघतो कुठे सोनं उधळलंस ते.

तुझा,
अव्या