हैतीचा आळस आणि फ्रान्सची पावती

मा. संपादक यांस,
सा. न. वि. वि.

कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पानिओला बेटावरील दोन देशांविषयी, म्हणजे पश्चिमेकडचा हैती आणि पूर्वेकडचे डॉमिनिकन प्रजासत्ताक यांविषयी, काल आपल्या अंकात आलेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा कुतूहलाने आणि दुसऱ्यांदा, आपण वाचले तेच छापलेले आहे ना, याची खात्री करून घेण्यासाठी. बेट एक, हवा एक, माती एक, तरीही डॉमिनिकन प्रजासत्ताक सावरले आणि हैती बुडाले, तेव्हा कारण अखेर माणसांच्या 'वृत्तीत' शोधावे लागते, असा लेखकमहाशयांचा निष्कर्ष आहे. 200 वर्षांचा इतिहास एका शब्दात आटोपण्याची ही हातोटी हेवा वाटावा अशीच आहे.

मी जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे या 'वृत्ती'शी माझी जुनी ओळख आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका परीक्षेच्या उत्तरपत्रिकांची फेरतपासणी माझ्याकडे होती. या दोन देशांतील तफावतीची कारणे द्या, असा 5 गुणांचा प्रश्न होता आणि नमुना उत्तरात जंगलतोड, लोकसंख्या, निरक्षरता आणि 'कष्टाबद्दलची अनास्था' असे मुद्दे दिलेले होते. एका मुलीने यातला एकही मुद्दा लिहिला नव्हता. तिने फक्त 1825 सालाविषयी लिहिले होते. हैती ही फ्रान्सची वसाहत; तिथल्या गुलामांनी बंड करून 1804 मध्ये मिळवलेल्या स्वातंत्र्याला मान्यता देण्यासाठी फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याने 15 कोटी फ्रँक मागितले, तेही 14 युद्धनौका बंदरासमोर उभ्या करून. भरपाई कशाची, तर मळेवाल्यांच्या हातून गेलेल्या मळ्यांची आणि गुलामांची. पानाच्या कडेला तिने पेन्सिलीने वजाबाकी मांडली होती. 3 कोटींचा पहिला हप्ता भरण्यासाठी हैतीने पॅरिसमध्येच 3 कोटींचे कर्ज काढले, त्यातले 2 कोटी 40 लाख हाती पडले, 60 लाख सावकारांनी आधीच कापून घेतले, आणि व्याज मात्र पुऱ्या 3 कोटींवर. त्या वजाबाकीवर परीक्षकांनी लाल शाईची आडवी रेघ मारून 'विषयांतर' असे लिहिले होते आणि पुढे शून्य. मी हरकत घेतली, तेव्हा 'नमुना उत्तरात हे नाही' एवढेच मला ऐकवण्यात आले. मला घाई होती, गठ्ठे बरेच उरले होते, आणि त्या शून्याखाली मी सही केली. आपल्या लेखाने ती सही काल पुन्हा डोळ्यांपुढे आणली. त्याबद्दल आभार मानावेत की कसे, हे ठरवता आलेले नाही.

त्या मुलीला एका पानात जे दिसले, ते आपल्या लेखकांना अर्ध्या पानाच्या विस्तारात दिसू नये, याचे नवल वाटते. फ्रान्सने 1838 मध्ये उरलेली 12 कोटींची बाकी 6 कोटींवर आणली हे खरे, परंतु या भरपाईसाठी आणि तिच्यामागोमाग काढलेल्या कर्जांची फेड 1947 पर्यंत चालली, आणि ती मुख्यतः कॉफीवरच्या करातून, म्हणजे डोंगरातल्या त्याच 'आळशी' शेतकऱ्याच्या घामातून झाली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की 1822 ते 1844 या काळात सबंध बेटावर हैतीचेच राज्य होते आणि या वसुलीचा भार पूर्वेकडच्या लोकांवरही टाकण्यात आला होता. त्यांच्या असंतोषाला हेही एक कारण होते. 1844 मध्ये ते वेगळे झाले आणि देण्याची वही पश्चिमेकडेच राहिली. एकत्र कुटुंबातून वाटणी मागून निघालेल्या धाकट्याचा संसार मार्गी लागला आणि थोरला सावकाराच्या दारात बसून राहिला, तर यात कुणाची वृत्ती तपासायची, हे लेखकांनी एकदा सांगावे.

1960 च्या सुमारास दोन्हीकडचे दरडोई उत्पन्न जवळपास सारखे होते, तेव्हा जुन्या कर्जाचे रडगाणे पुरे, असाही लेखाचा सूर आहे. तफावत मुख्यतः त्यानंतर वाढली हे मला मान्य आहे, आणि हैतीचे हुकूमशहा ड्युव्हेलिए पितापुत्रांनी 1957 ते 1986 अशी जवळपास 30 वर्षे तो देश लुटला, याचा दोष फ्रान्सच्या राजावर कुणी टाकत नाही. परंतु शेजारच्या डॉमिनिकन हुकूमशहा त्रुहियोला 'शिस्त लावणारा राज्यकर्ता' म्हणताना, त्याच्या सैनिकांनी 1937 मध्ये सरहद्दीवर हैतीच्या हजारो माणसांची कत्तल केली, हे एका ओळीत तरी यायला हवे होते. त्या शिस्तीचे मोल ज्यांनी दिले ते लेख वाचायला उरले नाहीत, ही लेखकांची सोय झाली. हैतीचा भातशेतकरी तर अगदी अलीकडे बुडाला: 1995 मध्ये तांदळावरचा आयातकर 3 टक्क्यांवर आणला गेला, स्वस्त अमेरिकी तांदूळ आला, आणि ही आपली चूक झाल्याची कबुली तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष असलेल्या खुद्द बिल क्लिंटन यांनी 2010 मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे दिली. आळसाचा उल्लेख त्यांनीदेखील केला नाही.

लेखासोबतचे उपग्रहचित्र, एकीकडे हिरवे आणि दुसरीकडे उजाड, मीही वर्गात वर्षानुवर्षे दाखवले आहे, म्हणून त्याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार सांगतो. 'हवा एक' हे मुळातच चूक आहे. तिथले पावसाळी वारे प्रामुख्याने पूर्वेकडून येतात आणि वाटेतल्या डोंगररांगांवर बरेचसे रिते होतात, त्यामुळे पश्चिमेच्या वाट्याला पाऊस कमी येतो. त्यातून डॉमिनिकन राष्ट्राध्यक्ष बालागेर यांच्या राजवटीने डॉमिनिकन बाजूला सैन्य पाठवून चोरट्या लाकूडतोडीवर टाच आणली आणि पुढे स्वयंपाकाच्या गॅसला सरकारी अनुदान मिळाले. हैतीतल्या चुली मात्र आजही मोठ्या प्रमाणावर लोणारी कोळशावर पेटतात. ज्या बाईला गॅस परवडत नाही ती झाड तोडणार. तिच्यापुढे वृक्षप्रेमाचे व्याख्यान देण्याआधी तिला शेगडी द्यावी लागेल, आणि शेगडी देण्यासाठी तिजोरीत काही उरलेले असावे लागते.

शेवटी एक वेगळी, पण त्याच पानावरची तक्रार. लेखासोबतच्या नकाशात पोर्ट-ऑ-प्रिन्स बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर दाखवले आहे. हैतीची राजधानी पश्चिमेला, गोनाव्हच्या आखाताच्या आतल्या टोकाशी आहे आणि तिथून हललेली नाही. मागच्या वर्षी अशीच एक चूक मी कळवली होती, तेव्हा आपण माझे पत्र छापले, परंतु जागेअभावी त्यातली नेमकी चूक दाखवणारी ओळ गाळली. या खेपेस गाळायचेच असेल तर वरचा अन्य कोणताही मजकूर गाळावा, 60 लाखांची वजाबाकी तेवढी राहू द्यावी.

आपला,
एक निवृत्त भूगोलशिक्षक