उन्हाळी सहलीवर डिसेंबरच्या तारखा: नेदरलंड्सच्या ग्रामीण भागातील हिवाळी सहलीच्या कार्यक्रमाबाबत तक्रार

दिनांक : ३ नोव्हेंबर २०२५
ठिकाण : पुणे

प्रति,
मा. व्यवस्थापक, परदेश सहल विभाग

विषय : २६ डिसेंबर ते २ जानेवारी या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेतील गंभीर चुका, दुरुस्त कार्यक्रम व रक्कम परताव्याची मागणी

महोदय/महोदया,

आम्हा आठ प्रवाशांनी आपल्याकडे वरील सहलीची नोंदणी केली असून माणशी १,८५,००० रुपयांप्रमाणे एकूण १४,८०,००० रुपयांपैकी ५,९२,००० रुपये आगाऊ भरले आहेत. अंतिम कार्यक्रमपत्रिका गेल्या आठवड्यात हाती आली. आम्ही ती डच रेल्वे आणि बसची वेळापत्रके, प्रेक्षणीय स्थळांच्या वेळा आणि तिथल्या डिसेंबरमधल्या दिवसाची लांबी यांच्याशी ताडून पाहिली. ही पत्रिका एप्रिल-मे महिन्यांच्या सहलीची असून तिच्यावर फक्त तारखा डिसेंबरच्या घातल्या आहेत. आहे तशी ती पार पडू शकत नाही. निघायच्या आधी दुरुस्ती व्हावी, म्हणून हे पत्र.

मूळ चूक उजेडाची आहे. डिसेंबरच्या अखेरीस तिथे सूर्य पावणेनऊनंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. म्हणजे पावणेआठ तासांचा दिवस, तोही बहुतेकदा ढगाळ. शेते, कालवे, पवनचक्क्या बघायच्या तर सकाळी अंधारातच निघून उजाडताना ठिकाणावर पोहोचावे आणि परतीचा प्रवास अंधारात ठेवावा. आपण नेमके उलटे केले आहे. रोज साडेनऊला नाश्ता, साडेदहाला प्रस्थान आणि संध्याकाळी पाच ते सातमध्ये एखादे ‘निसर्गरम्य ठिकाण’. त्या वेळी गावाबाहेरच्या रस्त्यावर स्वतःचे बूटही दिसणार नाहीत.

पहिला दिवस, शुक्रवार २६ डिसेंबर. विमान सकाळी सातच्या आधी आम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर उतरते आणि आपण नऊ वाजता एडेजवळच्या भाड्याच्या बंगल्यात प्रवेश लिहिला आहे. आपण सोबत दिलेल्या बंगला-उद्यानाच्या, म्हणजे सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांच्या वसाहतीच्या, नियमावलीत मात्र किल्ली दुपारी तीनला मिळते आणि शेवटच्या दिवशी दहाच्या आत बंगला रिकामा करावा लागतो. तिथल्या बंगला-उद्यानांची ही नेहमीचीच पद्धत आहे. मधले सहा तास आठ जण आणि सोळा बॅगा कुठे असणार, याचा पत्रिकेत उल्लेख नाही. मोठ्या स्टेशनांवर सामान ठेवायची लॉकर आहेत, त्यांचे भाडे सहलीत धरायला हवे. शिवाय २६ डिसेंबर हा तिथे नाताळचा दुसरा दिवस, म्हणजे सार्वजनिक सुट्टी असते. बस सुट्टीच्या वेळापत्रकाने धावतात आणि गावातली उपाहारगृहे बंद तरी असतात किंवा आधी जागा राखलेल्यांनाच घेतात. त्याच दिवशी दुपारी आपण व्होलेनडामहून बोटीने मार्कनला जाणे ठेवले आहे. ती बोट हंगामी आहे, ऐन हिवाळ्यात तिच्या भरवशावर दिवस आखता येत नाही. मार्कन १९५७ पासून बांधाने मुख्य भूमीला जोडलेले आहे आणि आम्स्टरडॅमहून तिथे ३१५ क्रमांकाची बस जाते. पण रात्रभर विमानात बसून आलेल्या माणसांना पहिल्या दिवशी एवढे फिरवूच नये. स्किपोलहून एडे-वाखेनिंगन या एडेच्या स्टेशनला थेट गाडी आहे, सुमारे तासाभराचा प्रवास. वाटेत उत्रेख्तला स्टेशनवरच्या लॉकरमध्ये सामान ठेवून थोडा वेळ घालवावा आणि तीनला किल्ली घ्यावी, एवढेच पुरे.

शनिवारी २७ तारखेला आपण कालव्यांचे गाव खीटहोर्न आणि पवनचक्क्यांचे झान्से स्खान्स एकाच दिवशी ठेवले आहेत. पत्रिकेत ज्याला ‘गिथूर्न’ म्हटले आहे तेच हे खीटहोर्न. एडेहून तिथे जायचे तर आमर्सफोर्ट, झ्वोले, स्टेनवाइक अशा गाड्या बदलून पुढे बस धरावी लागते. सगळ्या जोडण्या जुळल्या तरी सव्वादोन ते अडीच तास जातात. तिथून झान्से स्खान्सला जायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो आणि पोहोचेपर्यंत अंधार झालेला असतो. दोन्ही करण्याच्या नादात दोन्ही हातची जातील. झान्से स्खान्स काढून टाका. खीटहोर्नला पूर्ण दिवस द्या. पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, खणून काढताना जे चर पडले त्यांचेच तिथे कालवे झाले आहेत. त्यांच्या काठची पायवाट, गवताने शाकारलेली घरे आणि घराघरापुढचे लाकडी पूल उन्हाळ्यात पर्यटकांच्या गर्दीत दिसत नाहीत, हिवाळ्यात दिसतात. बोटीची मात्र खात्री देऊ नका. या दिवसांत बोटी भाड्याने देणारे बरेच जण बंद असतात आणि पाण्यावर पातळ बर्फ धरले तर उरलेल्या बोटीही निघत नाहीत. बोट न मिळाल्यास माणशी किती रक्कम परत, हे लेखी हवे.

तिकिटांबाबत पत्रिकेतील सूचना अशी आहे : ‘सहलप्रमुख आपल्या कार्डाने सर्वांचे चेक-इन करतील.’ असे होत नाही. तिथे एका प्रवासाला एका माणसामागे एक बँक कार्ड लागते. चढताना (चेक-इन) आणि उतरताना (चेक-आउट) तेच कार्ड यंत्राला टेकवावे लागते. फोनमधले कार्ड आणि खिशातले प्लास्टिकचे कार्ड एकाच खात्याचे असले तरी यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी कार्डे असतात. सकाळी फोन टेकवला आणि उतरताना कार्ड टेकवले, तर यंत्र दोन अर्धवट प्रवास धरते. रेल्वेत उतरताना टेकवायचे राहिले तर २० युरोपर्यंत रक्कम कापली जाऊ शकते. एडे ते आमर्सफोर्टची गाडी आणि पुढची झ्वोलेची गाडी वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. म्हणून आमर्सफोर्टला फलाट बदलताना आधी पहिल्या कंपनीच्या खांबावर चेक-आउट आणि मग दुसरीच्या खांबावर चेक-इन करावे लागते. हे प्रवाशांना निघण्याआधी समजावून सांगणे हे आपले काम आहे. आठही जणांकडे स्पर्शाने चालणारे आंतरराष्ट्रीय कार्ड आहे का, हे अजून कुणी विचारलेलेही नाही.

रविवारी दुपारी एक वाजता ४५ किलोमीटरची सायकलफेरी आहे. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, सवय असलेला माणूस ताशी पंधरा किलोमीटर जातो. म्हणजे न थांबता तीन तास. डिसेंबरात समोरून वारा आला की वेग दहावर येतो आणि तो येतोच, कारण ही गोल फेरी आहे. चहासाठी अर्धा तास थांबलो तर शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर जंगलातल्या अंधारात. अंधारात पुढे पांढरा किंवा पिवळा आणि मागे लाल दिवा तिथल्या कायद्याने लागतो. आपल्या यादीत सायकली आहेत, दिव्यांचा उल्लेख नाही. भाड्याच्या बऱ्याच सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पेडल उलटे दाबले की मागचे चाक थांबते. आपल्याकडच्या माणसाला थांबताना पेडल सहज मागे फिरवायची सवय असते. तिथे तसे केले की सायकल धाडकन थांबते आणि ओल्या पानांवर घसरते. म्हणून आधी मोकळ्या जागेत पंधरा मिनिटे सराव, प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे सायकल, अंतर १५ ते १८ किलोमीटर आणि सुरुवात सकाळी दहाला, असा बदल करावा. वाटा ठरवणे अवघड नाही. सायकलमार्गांच्या प्रमुख चौकांत क्रमांकाची पाटी असते, क्रमांकांची चिठ्ठी खिशात असली की पुरते.

किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि त्यांतल्या बहुतेक १७३८ ते १७४० या काळात पाणी उपसण्यासाठी बांधलेल्या आहेत. तिथे जाण्याला आमची हरकत नाही, उलट आग्रह आहे. पण रॉटरडॅमहून थेट बोट फक्त हंगामात असते. हिवाळ्यात वाटेत बदल करून जावे लागते, तो वेळ धरून दुपारी दोनच्या आत पोहोचण्याची आखणी करा.

मंगळवार ३० डिसेंबरला ‘आल्कमारचा चीज बाजार’ लिहिला आहे. तो बाजार मार्चअखेर ते सप्टेंबर या काळात आणि शुक्रवारी सकाळी भरतो. ना महिना जुळतो, ना वार. ‘वेळ मिळाल्यास क्यूकेनहोफ व ट्यूलिपची शेते’ ही पुढची ओळ आहे. ती बाग मार्चच्या उत्तरार्धात उघडते आणि मेमध्ये बंद होते. डिसेंबरात ट्यूलिपचे कंद मातीखाली असतात. ही फक्त छपाईतली चूक नाही. या दोन नावांवर आमच्यातल्या चौघांनी नोंदणी केली आहे. जी सेवा देता येणार नाही हे आधीपासून स्पष्ट आहे, ती जाहिरातीत देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

बुधवारी ३१ तारखेला ‘गोठलेल्या कालव्यावर स्केटिंग (हमखास)’. फ्रीसलंडमधली अकरा शहरांची स्केटिंग शर्यत जवळजवळ २०० किलोमीटरची आहे. तिच्यासाठी वाटभर १५ सेंटीमीटर जाडीचे बर्फ लागते. १९०९ पासून ती फक्त १५ वेळा झाली आणि शेवटची ४ जानेवारी १९९७ ला. ज्या देशात या शर्यतीची दर हिवाळ्यात वाट पाहिली जाते, तिथे ती इतकी वर्षे होऊ शकलेली नाही. डिसेंबर-जानेवारीचे सरासरी तापमान तीन-चार अंश असते. अशा वेळी आपण हमखास बर्फ कशाच्या जोरावर लिहिलेत? आणि बर्फ धरलेच तरी पुलाखाली, पाणी वाहते तिथे आणि बदकांनी मोकळ्या ठेवलेल्या जागी ते पातळ असते. अनोळखी माणसाने त्यावर उतरणे जिवावरचे आहे. त्याऐवजी कृत्रिम बर्फाच्या रिंकवर दोन तास ठेवा. स्केट भाड्याने मिळतात, जाड मोजे आणि हातमोजे आम्ही आणू.

त्याच रात्री आम्स्टरडॅममध्ये आतषबाजी पाहून ‘पाऊणच्या गाडीने परत’ असे लिहिले आहे. ३१ डिसेंबरला संध्याकाळी आठच्या सुमारास रेल्वे आणि बस थांबू लागतात. मध्यरात्रीनंतर मोजक्या मार्गांवर गाडी सुटली तरी एडेहून जंगलातल्या बंगल्यापर्यंत बस नाही. आठ जण, त्यांत सत्तरीच्या दोन बाई, थंडीत स्टेशनवर रात्र काढतील असा हा कार्यक्रम आहे. आमची सूचना अशी : त्या दिवशी झुटफेन आणि डेव्हेंटर ही आयसेल नदीकाठची जुनी गावे पाहावीत. दोन्हींत गाडीने पंधरा मिनिटांचेही अंतर नाही आणि नदीच्या पूरमैदानात उत्तरेकडून आलेल्या हंसांचे, म्हणजे रानबदकांहून मोठ्या गीज पक्ष्यांचे, थवे चरताना दिसतात. दुपारी किराणा भरून पाचच्या आत बंगल्यावर परतावे. दुकाने त्या दिवशी लवकर बंद होतात.

गुरुवार १ जानेवारीला क्रोलर-म्युलर संग्रहालय ठेवले आहे. ते १ जानेवारीला बंद असते. ते ज्या होखे वेलुवे अरण्यात आहे ते मात्र वर्षभर उघडे असते. त्यामुळे ३० तारखेचा रिकामा झालेला मंगळवार या दोन्हींना द्या. पत्रिकेतील प्रवेश स्खार्सबर्गन फाटकातून आहे, तिथून संग्रहालय दहाएक किलोमीटर पडते. ओटरलो फाटकातून ते जेमतेम अडीच-तीन किलोमीटर आहे आणि एडेहून ओटरलोला १०८ क्रमांकाची बस जाते. आतल्या पांढऱ्या सायकली तिकिटातच येतात. संग्रहालयाचे तिकीट अरण्याच्या तिकिटाखेरीज वेगळे असते, आपण एकच धरले आहे.

आता जेवण. आमच्यातले पाच जण शाकाहारी आहेत, हे नोंदणी अर्जात लिहिले आहे. पत्रिकेत ‘पारंपरिक वाटाण्याचे सूप (शाकाहारी)’ दोनदा आले आहे. त्या घट्ट सूपमध्ये पारंपरिक पद्धतीने डुकराचे मांस शिजवलेले असते आणि वरून धुरी दिलेल्या सॉसेजच्या चकत्या असतात. नुसत्या चकत्या बाजूला काढल्याने ते शाकाहारी होत नाही. चीजचेही तसेच. अनेक पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी वेष्टनावर शाकाहारी रेनेट लिहिलेले चीज आधी मागवावे लागते.

‘घरचा स्वयंपाक करता येईल, कुकर सोबत आणावा’ ही सूचनाही अर्धवट आहे. आपण पाठवलेल्या छायाचित्रात काळी काचेची इंडक्शन शेगडी स्पष्ट दिसते. तिच्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच भांडे चालते. पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर बॅगेतून नेऊन पहिल्या रात्री डाळ-तांदूळ कच्चे राहिले, तर जवळचे दुकानही सुट्टीमुळे बंद असेल. स्टीलचा, इंडक्शनला चालणारा कुकर आणावा असे सर्वांना कळवा. फोडणी घालण्याआधी शेगडीवरचा पंखा लावा, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो, हेही सांगा.

कपड्यांच्या यादीत ‘बर्फातील जॅकेट व स्नो बूट’ आहेत. तिथली खरी अडचण पाऊस आणि वारा आहे. पाणी न शिरणारे जॅकेट, वरून घालायची पावसाळी विजार, पाणी न शिरणारे बूट आणि कानटोपी पुरतात. छत्री वाऱ्यात उलटते. हवामान खात्याने नारिंगी किंवा लाल इशारा दिला तर त्या दिवशी काय करायचे, हा पर्याय पत्रिकेत कुठेच नाही. तो प्रत्येक दिवसापुढे लिहून हवा.

आमच्या मागण्या अशा. पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत, ९२९२ या डच प्रवास-नियोजकावर तपासलेल्या वेळांसह दुरुस्त कार्यक्रम लेखी द्यावा. आल्कमार, क्यूकेनहोफ, नैसर्गिक स्केटिंग आणि मार्कनची बोट यांपोटी घेतलेली रक्कम बाबवार दाखवून परत करावी. दुरुस्ती शक्य नसल्यास कोणतेही रद्दीकरण शुल्क न कापता ५,९२,००० रुपये परत द्यावेत. व्हिसा अर्जासोबत हाच कार्यक्रम जोडायचा आहे, त्यामुळे उशीर झाल्यास त्याची जबाबदारी आपली राहील.

मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथेबद्दल आम्ही राहतो तेथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागू. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली जाईल.

या सहलीवर आमचा रोष नाही. सकाळी नऊ वाजता धुक्यातून वर येणारे खीटहोर्नचे पूल आणि दुपारी तीनच्या तिरप्या उन्हातल्या किंडरडाइकच्या पवनचक्क्या आम्हाला पाहायच्या आहेत. त्या नेमक्या त्याच वेळी दाखवा.

आपले विश्वासू,
आठ प्रवाशांच्या गटाच्या वतीने
गटप्रमुख

सोबत : १. आगाऊ रकमेच्या पावत्यांच्या प्रती २. कार्यक्रमपत्रिकेची प्रत, चुकीच्या ओळी लाल शाईने अधोरेखित ३. आहारविषयक नोंद असलेला नोंदणी अर्ज ४. बंगला-उद्यानाची नियमावली